‘व्हेन पिग्ज फ्लाय’: कधीही न घडणारी गोष्ट इंग्रजीत कशी सांगावी

‘व्हेन पिग्ज फ्लाय’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ विचारला, तर बहुतेक मार्गदर्शक पुस्तके ‘कधीच नाही’ असे दोन शब्दांत सांगून मोकळी होतात. अर्थ बरोबरच आहे, पण तेवढ्यावर विसंबून वाक्य करायला गेलेला माणूस हमखास फसतो. ‘कधीच नाही’च्या जागी हे तीन शब्द ठेवून तो ‘ही विल नॉट कम व्हेन पिग्ज फ्लाय’ असे वाक्य तयार करतो आणि ऐकणाऱ्याला नेमके काय म्हणायचे आहे ते कळत नाही. या वाक्याचा सरळ अर्थ, डुकरे उडतील त्या दिवशी तो येणार नाही, असा होतो. मग इतर दिवशी येणार की काय?

हा वाक्प्रचार नकार देतो खरा, पण नकाराच्या वेशात येत नाही. तो आधी होकार देतो, मुदतही सांगतो, आणि ती मुदतच अशी निवडतो की होकाराची हवा निघून जाते. आपण मराठीत ‘देईल की पैसे, सूर्य पश्चिमेला उगवला की!’ असे म्हणतो तेव्हा हेच करत असतो. ‘देईल’ हे क्रियापद होकारार्थीच आहे. टोमणा सगळा मुदतीत आहे. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की पुढचे बहुतेक नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

आधी होकार, मग मुदत

पहिले वाक्य अगदी साधे घेऊ. समजा, मुलाने खोली आवरायचे वचन दिले आहे आणि आईचा त्यावर काडीचा विश्वास नाही. ती म्हणेल, ‘ही विल क्लीन हिज रूम व्हेन पिग्ज फ्लाय.’ या वाक्याचे दोन तुकडे पडतात. ‘ही विल क्लीन हिज रूम’ हा पहिला तुकडा म्हणजे भविष्यकाळातील धडधडीत आश्वासन आहे, आणि ‘व्हेन पिग्ज फ्लाय’ ही त्याची मुदत आहे. पहिल्या तुकड्यात ‘नॉट’ किंवा ‘नेव्हर’ आले, की दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून वाक्य करताना आधी मुदत झाकून उरलेले वाक्य वाचून पाहावे. ते एखाद्या भोळ्या माणसाने दिलेल्या शब्दासारखे वाटले, तर आपली वाट बरोबर आहे.

तुकड्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे आणि इथे मराठी वळण आपल्याला दगा देते. मराठीत ‘अमुक होईल तेव्हा तमुक होईल’ असे म्हणण्याची आपल्याला सवय असते, म्हणून इंग्रजीतही ‘व्हेन पिग्ज फ्लाय, ही विल क्लीन हिज रूम’ असे वाक्य तोंडात येते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही, पण विनोदाच्या दृष्टीने ते मेलेले आहे, कारण ऐकणाऱ्याला पहिल्याच तीन शब्दांत सगळे कळून जाते. मुदत शेवटी आली तरच आश्वासन काही क्षण खरे वाटते आणि मग कोसळते. आपणही रंगात येऊन टोमणा मारतो तेव्हा नेहमीचा क्रम मोडतोच. ‘आवरेल ना, न आवरायला काय झालं, सूर्य पश्चिमेला उगवू दे फक्त!’ मुदत शेवटी आली तर तिच्याआधी स्वल्पविराम देऊ नये.

‘विल’ एकदाच

मराठी बोलणाऱ्यांची सर्वांत जास्त होणारी चूक काळाची आहे. मराठीत ‘डुकरे उडतील तेव्हा तो खोली आवरेल’ असे दोन्हीकडे भविष्यकाळाचे रूप येते, त्यामुळे ‘व्हेन पिग्ज विल फ्लाय’ असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. इंग्रजीत मात्र वेळ दाखवणाऱ्या उपवाक्यात, गोष्ट भविष्यातली असली तरी, साधा वर्तमानकाळ वापरतात. ‘विल’ मुख्य वाक्यात एकदा आले, तेवढे पुरे.

हा नियम लक्षात ठेवण्याची एक सोपी युक्ती आहे. इंग्रजीतील ‘व्हेन’ला मराठीत दोन प्रतिशब्द आहेत, ‘कधी’ आणि ‘जेव्हा’. आपल्या वाक्यातील ‘व्हेन’च्या जागी ‘कधी’ बसत असेल, तर त्यापुढे ‘विल’ चालते. उदाहरणार्थ, ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’, म्हणजे तो कधी येईल ते मला माहीत नाही. त्या जागी ‘जेव्हा’ बसत असेल, तर ‘विल’ चालत नाही. ‘कॉल मी व्हेन ही कम्स’, म्हणजे तो येईल तेव्हा मला फोन कर. डुकरांचे उडणे हे दुसऱ्या जातीचे आहे. ही युक्ती या वाक्प्रचारापुरती नाही, ती रोजच्या इंग्रजीत सगळीकडे उपयोगी पडते.

एका रचनेत मात्र डुकरांपुढे ‘विल’ अगदी शोभून दिसते, ती म्हणजे ‘पिग्ज विल फ्लाय बिफोर ही अपॉलोजायझेस.’ इथे डुकरे मुख्य वाक्यात आली आहेत आणि माफी मागणे उपवाक्यात गेले आहे, म्हणून ‘विल’ने जागा बदलली. अर्थ असा, की एक वेळ डुकरे उडतील, पण हा माफी मागणार नाही. हा घाट मराठी वाचकाला परका नाही. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही भर्तृहरीच्या नीतिशतकातील श्लोकाची वामन पंडितांनी केलेली मराठी ओळ आपण जिद्दीचे सुभाषित म्हणून भिंतीवर लावतो, पण मूळ श्लोक प्रयत्नांची महती सांगतच नाही. एक वेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचे शिंगही सापडेल, पण मूर्खाचे मन वळवता येणार नाही, असा त्याचा रोख आहे. ‘बिफोर’ वापरून केलेले इंग्रजी वाक्य नेमके हेच करते. आधी अशक्य गोष्ट घडू देते आणि मग सांगते की तरीही ही दुसरी गोष्ट घडणार नाही.

अनेकवचन, आणि ‘द’ नको

हा भाग थोडक्यात आटोपता येईल. डुकरे नेहमी अनेकवचनी असतात आणि त्यांच्यामागे ‘द’ लागत नाही. ‘व्हेन द पिग्ज फ्लाय’ असे म्हटले, तर कुठल्या तरी ठरावीक डुकरांविषयी बोलणे चालले आहे असे वाटते. ‘व्हेन अ पिग फ्लाइज’ हे समजते, पण कानाला खटकते. उच्चार ‘पिग्स’ असा नाही. ‘जरा’, ‘जड’ या शब्दांत जो ‘ज’ येतो तो ‘पिग्ज’च्या शेवटी आहे, ‘जग’मधला नव्हे. जोर ‘पिग्ज’ आणि ‘फ्लाय’ या दोन शब्दांवर पडतो आणि ‘व्हेन’ घाईत उरकले जाते.

उत्तर म्हणून वापरताना

बोलण्यात हा वाक्प्रचार पूर्ण वाक्यात जितका येतो तितकाच एकटाही येतो. ‘तो उसने घेतलेले पैसे कधी परत करणार?’ या प्रश्नाला ‘व्हेन पिग्ज फ्लाय!’ एवढे उत्तर पुरते, कारण होकाराचा भाग विचारणाऱ्याने प्रश्नातच दिलेला असतो आणि आपण फक्त मुदत भरतो. त्यामुळे प्रश्न ‘कधी’चा असेल तर हे उत्तर चपखल बसते. प्रश्न ‘करेल का?’ असा असेल, तर आधी एक खोटा होकार लागतो. ‘शुअर, व्हेन पिग्ज फ्लाय.’ मराठीत अशा जागी ‘करेल हो करेल’ असे लांबवून म्हणतात.

समोरच्याने प्रश्न न विचारता एखादी आशा बोलून दाखवली असेल, तर ब्रिटिश इंग्रजीत दुसरे रूप जास्त ऐकू येते, ‘अँड पिग्ज माइट फ्लाय.’ कोणी म्हणाले, ‘या वेळी तो वेळेवर येईल असं वाटतंय’, की ऐकणारा शांतपणे म्हणतो, ‘येस, अँड पिग्ज माइट फ्लाय.’ मराठीत आपण ‘हो, झालंच मग!’ किंवा ‘बघ वाट!’ म्हणतो. इथला ‘अँड’ गाळू नये असे माझे मत आहे. ‘तू म्हणतोस ते होईल, आणि त्याच्याच जोडीला डुकरेही उडतील’ अशी ती जोडणी आहे. ‘अँड’ गेला की तिरकसपणाची धार कमी होते.

या ‘माइट’ने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे. दूरच्या कार्यालयातील सहकाऱ्यांशी फोनवर बैठक चालली होती आणि टिपण घेण्याचे काम माझ्याकडे होते. शुक्रवारपर्यंत सगळी आकडेवारी हाती येईल का, असे कोणीतरी विचारले, आणि पलीकडून एक गृहस्थ अगदी कोरड्या आवाजात ‘वेल, पिग्ज माइट फ्लाय’ असे म्हणाले. कोणी हसले नाही. मी ‘माइट’ ऐकले, त्याचा शाळेत शिकलेला ‘कदाचित’ हा अर्थ लावला आणि टिपणात ‘शुक्रवारी येण्याची शक्यता आहे’ असे लिहून ते सगळ्यांना पाठवले. शुक्रवारी दुपारी दोन जण त्या आकडेवारीची वाट पाहत बसले होते. त्यानंतर मी एक पथ्य पाळतो: इंग्रजी संभाषणात एकाएकी एखादा प्राणी अवतरला, की पेन खाली ठेवायचे आणि ‘म्हणजे नाही, असंच ना?’ हे विचारून घ्यायचे.

‘इफ’ लावूनही दोन वेगवेगळी वाक्ये होतात. ‘इफ ही पासेस, पिग्ज विल फ्लाय’ म्हणजे तो पास होणे अशक्य आहे, असे टोमणा मारून सांगणे. ‘इफ पिग्ज कुड फ्लाय’ने सुरू होणारे वाक्य मात्र नुसत्या जर-तरच्या कल्पनेला उद्देशून असते, त्याची सख्खी बहीण म्हणजे ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ ही आपली म्हण. तुमच्या जर-तरला काही अर्थ नाही, एवढेच ती सांगते. एखादी गोष्ट घडेल की नाही यावर ती बोलत नाही.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना

‘तो म्हणाला की...’ अशा वाक्यात काळ एक पायरी मागे जातो. ‘आय विल हेल्प हिम व्हेन पिग्ज फ्लाय’ असे ती म्हणाली असेल, तर तेच सांगताना ‘शी सेड शी वुड हेल्प हिम व्हेन पिग्ज फ्लू’ असे होईल. ठरलेला वाक्प्रचार म्हणून ‘फ्लाय’ तसेच ठेवणारेही पुष्कळ आहेत आणि ते चुकीचे मानले जात नाही. बोलण्यात मी स्वतः ‘फ्लाय’च ठेवतो. त्याचे कारण व्याकरणाचे नाही. डुकरांच्या शेजारी ‘फ्लू’ हा उच्चार आला, की ऐकणाऱ्याच्या मनात पंखांऐवजी साथीचा ताप येतो.

डुकरेच का?

जड अंग, आखूड पाय, जमिनीला लागलेले नाक. उडण्याची कल्पनाच करवत नाही असा प्राणी हवा होता आणि तो मिळाला. इंग्रजीत ही कल्पना किमान चारशे वर्षे जुनी आहे. जॉन विथल्स याने मुलांसाठी केलेल्या इंग्रजी-लॅटिन कोशाच्या १६१६ च्या आवृत्तीत, डुकरे शेपटी पुढे करून हवेत उडतात, अशा अर्थाचे वाक्य आहे. नुसते उडणे पुरेसे अशक्य वाटले नाही म्हणून की काय, ते उलटे उडणे होते. पुढे शेपटी गळून पडली आणि उडणे तेवढे राहिले.

विमाने आल्यावर कोणाला तरी ही म्हण खोटी पाडण्याची लहर येणारच होती. ४ नोव्हेंबर १९०९ रोजी जॉन मूर-ब्रॅबझन या ब्रिटिश वैमानिकाने एका डुकराच्या पिल्लाला रद्दीच्या टोपलीत बसवले, ती टोपली आपल्या विमानाच्या पंखाच्या आधारदांड्याला बांधली आणि उड्डाण केले. उडणारे पहिले डुक्कर मीच, अशा अर्थाची पाटी त्या टोपलीवर लावलेली होती. म्हणीवर याचा काही परिणाम झाला नाही, कारण म्हणीतील डुकराने स्वतःच्या बळावर उडायचे असते.

इतर भाषांनीही आपापले प्राणी कामाला लावले आहेत. फ्रेंच माणूस कोंबड्यांना दात येण्याची वाट पाहतो, स्पॅनिश माणूस बेडकांना केस फुटण्याची, आणि रशियन माणूस खेकड्याच्या जातीचा एक जलचर डोंगरावर शिट्टी वाजवील तेव्हाची. मला यांत सर्वांत देखणी वाटते ती रोमन मुदत. रोमन पंचांगात महिन्याच्या पहिल्या दिवसाला ‘कॅलेंड्स’ म्हणत आणि देणी चुकवण्याचा तो दिवस असे. ग्रीकांच्या पंचांगात या नावाचा दिवसच नव्हता. म्हणून जे कधीच पैसे फेडणार नाहीत, ते ‘ग्रीक कॅलेंड्सला’ फेडतील, असे सम्राट ऑगस्टस म्हणत असे, अशी नोंद रोमन चरित्रकार सुएटोनियसने केली आहे. होकार आहे, तारीख आहे, फक्त ती तारीख पंचांगात नाही.

शेजारचे वाक्प्रचार, आणि कुठे कोणता

अशक्यता सांगणारे इतर इंग्रजी वाक्प्रचार एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. ‘व्हेन हेल फ्रीझेस ओव्हर’, म्हणजे नरक गोठेल तेव्हा, याची बांधणी डुकरांसारखीच आहे, पण त्यात हसण्याऐवजी राग आणि हट्ट आहे. दुसऱ्याच्या आशेवर पाणी ओतायचे तर डुकरे बरी. स्वतःचा निर्धार सांगायचा तर नरक.

याच वाक्प्रचारात ‘व्हेन’च्या जागी ‘अंटिल’ घातले की अर्थ पार फिरतो. २५ ऑक्टोबर १९६२ रोजी, क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर उभे असताना, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी सोव्हिएत प्रतिनिधी व्हॅलेरियन झोरिन यांना, क्षेपणास्त्रे आहेत की नाहीत, असे थेट विचारले आणि नरक गोठेपर्यंत उत्तरासाठी थांबण्याची आपली तयारी आहे, असे सुनावले. इथे ‘अंटिल हेल फ्रीझेस ओव्हर’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा मुळीच नाही. ‘कितीही काळ लागो’ असा आहे. ‘तेव्हा’ म्हटले की गोष्ट घडत नाही आणि ‘तोपर्यंत’ म्हटले की ती संपत नाही.

‘वन्स इन अ ब्लू मून’ला अशक्यतेच्या यादीत बसवणे ही सार्वत्रिक चूक आहे. एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीला आज ‘ब्लू मून’ म्हणतात. तसा योग साधारण अडीच-तीन वर्षांनी येतो आणि ३१ ऑगस्ट २०२३ रोजी तो आला होता. म्हणजे ही गोष्ट क्वचित घडते, पण घडते. तो क्वचित फोन करत असेल, तर ‘ब्लू मून’ म्हणावे. करतच नसेल, तर डुकरांना बोलवावे. ‘फॅट चान्स’ हाही फसवा आहे. शब्दाकडे पाहून ‘भरपूर संधी’ असे वाटते, अर्थ मात्र ‘नावालाही नाही’ असा आहे. याउलट ‘स्लिम चान्स’मध्ये थोडी का होईना, खरी आशा असते.

अशक्य वाटलेली गोष्ट शेवटी घडली तर काय म्हणावे? तेव्हाही डुकरे कामी येतात. खिडकीबाहेर पाहून ‘लुक, पिग्ज आर फ्लाइंग!’ असे म्हटले जाते. इथे चालू वर्तमानकाळ बरोबर आहे, कारण मुदत भरली आहे. मराठीत याच प्रसंगी ‘आज सूर्य कुणीकडून उगवला?’ हा प्रश्न येतो.

कुठे वापरू नये

हा वाक्प्रचार बरोबरीच्या माणसांत, हसत हसत बोलण्याचा आहे. अर्ज, अहवाल, तक्रारीचे पत्र किंवा ग्राहकाला दिलेले उत्तर यांत तो नको. तिथे ‘धिस इज नॉट पॉसिबल’ हे साधे वाक्य जास्त सभ्य दिसते. लेखी संदेशात आवाजाचा तिरकसपणा पोहोचत नाही, म्हणून ज्याची इंग्रजी पहिली भाषा नाही अशा माणसाला लिहिताना तर दुप्पट सावध राहावे. समोरच्याने मनापासून सांगितलेल्या आशेवर, विशेषतः आजारपण, परीक्षा किंवा नोकरी यांविषयीच्या, तो मारू नये. राहिला प्रश्न शिवीचा. मराठीत एखाद्याला ‘डुक्कर’ म्हणणे अपमानाचे आहे, म्हणून पुष्कळांना हा वाक्प्रचार तोंडी आणायला संकोच वाटतो. इंग्रजी वाक्यात डुक्कर हे कोणा माणसाचे विशेषण नाही, ते फक्त मुदत आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला तसे काही वाटत नाही. ऐकणारा मराठी असेल तर मात्र आपला पश्चिमेचा सूर्यच बरा.

हात बसवण्यासाठी

पुढील चार वाक्ये आधी स्वतः इंग्रजीत करून पाहावीत. ‘तो चूक कबूल करेल? विसरा!’ यासाठी ‘ही विल ॲडमिट हिज मिस्टेक व्हेन पिग्ज फ्लाय’ हे सरळ आहे. ‘प्रिंटर आपोआप नीट होईल म्हणतोस? झालंच मग!’ यात समोरच्याची आशा आधीच बोलून झाली आहे, म्हणून नुसते ‘येस, अँड पिग्ज माइट फ्लाय’ पुरे. ‘ती सणासुदीलाच काय ती भेटते’ या वाक्यात डुकरांना जागाच नाही. ती भेटते, म्हणून ‘वन्स इन अ ब्लू मून’.

चौथे वाक्य मुद्दाम अवघड ठेवले आहे: ‘मी त्याच्याशी पुन्हा बोलणार नाही, त्याने कितीही विनवण्या केल्या तरी.’ आधी ‘नाही’ काढावे लागेल, मग ‘बोलेन’ हे आश्वासन उभे करावे लागेल आणि शेवटी मुदत निवडावी लागेल. ‘आय विल टॉक टू हिम अगेन व्हेन पिग्ज फ्लाय’ हे व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्यातून राग ऐकू येत नाही. ‘आय विल टॉक टू हिम अगेन व्हेन हेल फ्रीझेस ओव्हर’ म्हणून पाहावे. आणि बोलणारीचे तोंड अजून हसरे असेल, तर पहिलेच वाक्य ठेवावे. कारण मग ती दोन दिवसांत त्याच्याशी बोलणार आहे.